ओळखीचं दार

आमच्या इमारतीच्या वॉचमनला सगळे 'बहादूर' म्हणतात. त्याचं नाव बहादूर नाही. त्याच्या आधी जो होता त्यालाही आम्ही बहादूरच म्हणायचो, आणि त्याचंही नाव बहादूर नव्हतं. सोसायटीच्या पगाराच्या वहीत खरं नाव आहे, पण ती वही खजिनदाराशिवाय कोणी उघडत नाही. सहा वर्षं मी त्या गेटमधून स्कूटर आत-बाहेर केली, आणि त्याचं नाव मला कळलं ते त्याच्या मुलीच्या शाळेच्या कागदांवर, वडिलांच्या नावाच्या रकान्यात.

मुलगी बारावी पास झाली तेव्हाची गोष्ट. सकाळी ऑफिसला निघालो तर हा पेढ्यांचा पुडा घेऊन उभा.

"साब, लडकी पास हो गयी. फर्स्ट क्लास. अब आगे क्या करना चाहिए?"

मला उशीर झाला होता. पेढा तोंडात टाकला आणि म्हटलं, "अरे वा! करू दे ना काहीतरी डिग्री. शिकव तिला." आणि स्कूटर चालू केली.

हे उत्तर मी दिलं. वीस वर्षं सरकारी कचेरीत अर्ज तपासणाऱ्या माणसानं दिलं. कुठल्या अर्जाला कुठला दाखला लागतो आणि कुठली तारीख गेली की काय होतं, हे ज्याला झोपेतही सांगता येतं, त्यानं दिलं. म्हणून हा लेख. दुसऱ्या कोणाला दोष देण्याआधी आपला दोष कबूल केलेला बरा.

ती मुलगी आमच्या गावच्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकली. गोव्यातल्या कितीतरी गावांतल्या मराठी शाळा आज कोणाच्या जिवावर तग धरून आहेत, हे तुम्हाला ठाऊक आहे. आपण मराठीचे अभिमानी लोक आपली पोरं इंग्रजीत घालून मोकळे झालो. वर्ग भरतात ते बाहेरून कामासाठी आलेल्यांच्या मुलांनी. या मुलीचं मराठी अक्षर माझ्या मुलापेक्षा चांगलं आहे. माझ्या बायकोला ती 'काकू' म्हणते, मला 'काका' म्हणते. कधी कधी कपाटातलं एखादं मराठी पुस्तक मागून नेते आणि वेळेवर परत आणते, जे आमच्या नातेवाईकांना आजवर जमलेलं नाही!

तिला हॉटेल मॅनेजमेंट करायचं होतं. हे तिनं मला दोन महिन्यांनी सांगितलं, पुस्तक परत करायला आली तेव्हा.

"मग अर्ज केलास?"

"काका, त्याची तारीख गेली. ती निकालाच्या आधीच असते म्हणे. मला माहीत नव्हतं."

खरंच तसं आहे. पर्वरीच्या हॉटेल मॅनेजमेंट संस्थेसारख्या ठिकाणी प्रवेश हवा असेल तर देशपातळीवरची प्रवेश परीक्षा असते, आणि तिचा अर्ज बारावीचा निकाल लागायच्या आधी भरायचा असतो. ज्याच्या घरात कोणीतरी या वाटेनं गेलेलं आहे, त्याला ते ठाऊक असतं. बाकीचे निकालाची वाट बघतात, पेढे वाटतात आणि मग विचारतात, आता पुढे काय? तोवर दार बंद झालेलं असतं. मला तर तिच्या बापानं विचारलं तेव्हाच उशीर झालेला होता. पण निदान एवढं तरी मी त्या दिवशी सांगू शकलो असतो की हे वर्ष गेलं, पुढच्या वर्षासाठी आत्तापासून कागद जमव. तेही सांगितलं नाही.

ती मग सीझनमध्ये किनाऱ्याकडच्या एका हॉटेलात हाउसकीपिंगला लागली. चादरी बदलायच्या, बाथरूम धुवायच्या. काम वाईट आहे असं मी म्हणत नाही. कष्टाचं काम वाईट कसं असेल? पण तिला जायचं होतं एकीकडे आणि पोचली दुसरीकडे, आणि मधलं अंतर होतं एका तारखेचं.

तिला ते काम मिळवून दिलं कोणी? इथून माझ्या खऱ्या मुद्द्याला सुरुवात होते.

वॉचमनचा एक 'दाजु' आहे. नेपाळीत दाजु म्हणजे थोरला भाऊ. सख्खा नव्हे, गावचा. पश्चिम नेपाळातल्या अछाम जिल्ह्यातला. तो कांदोळीकडे एका हॉटेलात कुक आहे, गोव्यात येऊन त्याला 25 वर्षं झाली. आमच्या वॉचमनला गोव्यात आणलं त्यानं. वॉचमनच्या थोरल्या मुलाला सोळाव्या वर्षी शॅकमध्ये लावलं त्यानं. मुलीला हाउसकीपिंगला लावलं तेही त्यानंच. अशा किती जणांना त्यानं मार्गाला लावलं असेल, त्याचा हिशेब त्याच्याकडेही नसेल.

ही व्यवस्था तुम्ही जवळून पाहिली तर थक्क व्हाल. गावाकडचा पोरगा सीमा ओलांडून गाड्या बदलत थिवीला उतरतो, तेव्हा त्याला घ्यायला कोणीतरी आलेलं असतं. एका खोलीत सहा जण राहतात तिथे सातव्याची वळकटी पडते. पहिला महिना जेवणाचे पैसे कोणी मागत नाही. आठवड्याभरात तो कुठल्यातरी स्वयंपाकघरात भांडी घासायला उभा असतो. मग भाजी चिरणारा हेल्पर, मग तंदूरवर, मग कुक. प्रत्येक पायरीवर आधीचा नंतरच्याला शिकवतो. पावसाळ्यात शॅक बंद झाले की यांतले बरेच जण मनालीकडे, लेहकडे कामाला जातात, आणि तिथेही कुठल्या मालकाकडे जायचं हे दाजुच सांगतो. गावी कोणी आजारी पडलं, लग्न निघालं, तर आपल्या भिशीसारखी त्यांची 'ढिकुटी' असते, त्यातून पैसे उभे राहतात. ना फॉर्म, ना फी, ना ओळखपत्र. आपली सरकारी रोजगार केंद्रं इतक्या लवकर कोणाला कामाला लावू शकतील का? मी त्याच सरकारात आहे म्हणून विचारतो.

तेव्हा नेपाळी लोकांत मार्गदर्शन नाही, असं कोणी म्हणत असेल तर ते चूक आहे. भरपूर आहे, आणि ते प्रामाणिक आहे. अडचण दुसरीच आहे. दाजु नंतरच्याला त्याच दारापाशी नेतो, जे दार त्याच्या स्वतःच्या ओळखीचं आहे.

मी त्या दाजुला भेटलो. दसऱ्याच्या सुमारास, त्यांच्या दसैंच्या दिवसांत तो वॉचमनकडे आला होता. कपाळावर दही-तांदळाचा मोठा लाल टिळा. मी त्याला सरळ विचारलं, "तुमच्या हॉटेलात मॅनेजर कोण होतं? ते कुठून येतात?"

तो म्हणाला, "साब, वो तो कॉलेज का लडका लोग आता है. पहले मेरे पास किचन में ट्रेनिंग करता है. मैं ही सिखाता हूँ. दो-चार साल में मेरा साब बन जाता है."

"ते कॉलेज कुठलं? तिथे कसं जायचं?"

हसला आणि म्हणाला, "ये तो कभी पूछा नहीं."

पंचवीस वर्षं! हॉटेलचा कानाकोपरा ठाऊक, कुठल्या मालकाची नियत कशी हे ठाऊक, मसाल्यापासून मोरीपर्यंत सगळं ठाऊक. उद्या आपला साहेब होणाऱ्या पोरांना यानंच कांदा चिरायला शिकवलं. पण ती पोरं कुठल्या दारानं आत येतात, हे त्यानं कधी विचारलं नाही. कारण ते दार आपल्या पोरांसाठी असू शकतं, हेच त्याच्या मनात कधी आलं नाही. आणि त्याला तरी काय म्हणावं? माझ्या मनात तरी कुठे आलं होतं?

हे दार ओळखीचं कसं झालं, त्यालाही मोठा इतिहास आहे. इंग्रजांनी गोरखा पलटणी उभारल्या 1815 पासून. त्याच्याही आसपास रणजितसिंहाच्या लाहोरच्या फौजेत नेपाळी शिपाई जात. लाहोरला जाणारा तो 'लाहुरे'. लाहोर कधीच सुटलं, पण परदेशी फौजेत नोकरी करणाऱ्याला नेपाळात अजून लाहुरे म्हणतात. हिंदुस्थानला ते 'मुग्लान' म्हणत, म्हणजे मोगलांचा मुलूख. फौजेतून निवृत्त झालेला गोरखा पहाऱ्याच्या कामाला चांगला, म्हणून वॉचमन गोरखा. पुढे फौजेत न गेलेलाही गोरखाच. अशा रीतीनं एका अख्ख्या देशाच्या माणसांवर आपण एकच शिक्का मारला. 1950 च्या भारत-नेपाळ करारानं दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांकडे राहण्याची, फिरण्याची, व्यापार करण्याची मोकळीक दिली. कागदावर दार मोठं उघडं आहे. पण माणसं त्यातल्या एका चिंचोळ्या फटीतूनच आत-बाहेर करत राहिली.

आणि आता फौजेचं ते जुनं दारही बंद आहे. 2022 साली आपल्याकडे अग्निपथ योजना आली, चार वर्षांची नोकरी आणि त्यांतल्या चौथ्या हिश्शालाच पुढे कायम. 1947 च्या त्रिपक्षीय कराराशी हे जुळत नाही, असं म्हणून नेपाळनं आपल्या तरुणांची भरती थांबवली. आजोबा लाहुरे, बाप वॉचमन, पोरगा शॅकमध्ये. पुढची पायरी वर आहे की खाली, तुम्हीच सांगा.

नेपाळचं सरकार काय करतं? तेही पाहा. तिथल्या 2021 च्या जनगणनेत देशाबाहेर गेलेल्यांचा आकडा 22 लाखांच्या घरात भरला. परदेशस्थ नेपाळींची जागतिक संघटना 2003 पासून आहे. 2008 साली 'गैरआवासीय नेपाळी' लोकांसाठी कायदाही झाला. पण त्या कायद्याच्या व्याख्येत सार्क देश वगळले आहेत. म्हणजे सिडनीतला नेपाळी इंजिनियर परदेशस्थ, आणि म्हापशातला नेपाळी वॉचमन कोणीच नाही! आखातात जायला नेपाळी माणसाला सरकारची श्रम स्वीकृती लागते, भारतात यायला काही लागत नाही. त्यामुळे कुठल्या वहीत त्याची नोंद नाही. सीमा खुली असण्याचा फायदा खरा, पण त्याची ही दुसरी बाजू आहे. ज्याची नोंद नाही त्याच्यासाठी योजना नाही.

दूर गेलेल्यांनी आपल्यापुरता काही मार्ग काढला आहे. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात 2005 पासून 'अधिकार' नावाची संस्था नेपाळी भाषिक कामगारांत काम करते. घरकाम करणाऱ्या आणि नेल सलूनमध्ये नखं रंगवणाऱ्या बायका तिथे एकत्र येतात, इंग्रजी शिकतात, आपले हक्क काय हे समजून घेतात. म्हणजे अमेरिकेत गेलं तरी पहिली ओळखीची दारं तशीच चिंचोळी. फरक एवढाच की तिथे कोणीतरी बसून विचार केला, की ही ओळख वाढवायची कशी.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं आम्हा गोवेकरांना कशाला सांगता? तर थोडं आपल्याकडे वळू.

मुंबईत धोबी तलावाच्या आसपास आपल्या गोवेकरांच्या 'कुडी' होत्या. एकेकाळी शेकडो. प्रत्येक गावची आपली कूड. गावचा पोरगा बंदराला उतरला की सरळ तिथे. एक पेटी ठेवायला जागा, रात्री झोपायला जागा, आणि बोटीवर जाऊन आलेला कोणीतरी तारवटी, जो सांगायचा की कुठल्या कंपनीच्या दारात किती वाजता उभं राहायचं. तारवट्याचा मुलगा तारवटी, कुकाचा मुलगा कुक. दाजुच्या खोलीत आणि आपल्या कुडीत काय फरक आहे?

2020 पर्यंत आपली माणसं पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन इंग्लंडात स्विंडनला जात. तिथेही तेच. आधी गेलेला नंतरच्याला आपल्याच गोदामात लावतो. इथे बी.कॉम. झालेला तिथे खोकी भरतो. पहिल्या वर्षी ठीक आहे. दहाव्या वर्षीही तेच करत असेल तर त्याला सांगणारं कोणी भेटलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

पण आपल्याकडे दुसरंही उदाहरण आहे. मुंबईला गेलेल्या गोवेकरांनी 1919 साली गोवा हिंदु असोसिएशन स्थापन केली. आपल्याला ती नाटकांमुळे आठवते, 'नटसम्राट'मुळे आठवते. पण विद्यार्थ्यांना मदत करणं हे त्या संस्थेचं कामच होतं. आणि गोमंतक मराठा समाजाचं उदाहरण तर डोळ्यांसमोर आहे. राजाराम पैंगीणकरांसारख्या माणसांनी आपल्याच समाजाला ठणकावून सांगितलं, की आयांचा व्यवसाय मुलींकडे जाणार नाही, पोरं शाळेत जातील. नुसतं सांगितलं नाही, त्यासाठी संस्था उभी केली. पुढे त्या समाजातून कोण कोण निघालं, ते गोवेकराला सांगायला नको. ओळखीचं दार सोडून मुलांना अनोळखी दारापाशी नेणं, हे आपल्याच भूमीत घडलेलं आहे. त्याला वेळ लागतो, पण ते होतं.

नेपाळी समाजात हे अजून का होत नाही? माझ्या मते एक कारण आपल्यापाशी आहे. गोव्यात वाढलेल्या नेपाळी मुलांतला जो कोणी शिकून पुढे जातो, तो हळूच वेगळा होतो. नव्या ओळखीच्या माणसांत तो नेपाळी असल्याचं सांगत नाही. माझ्या माहितीतला एक मुलगा बँकेत आहे. तो मला म्हणाला, "सांगितलं की लोक हसून 'शाब जी' म्हणतात. कशाला सांगू?" आपण सिनेमात पाहून शिकलेली ती नक्कल. आपल्याला विनोद वाटतो, त्याला ती भिंत वाटते. आणि तो लपला की मागच्या पोरांना उदाहरण उरत नाही. दाजु आहे, पण तो कुक. बँकेतला दाजु त्यांना दिसतच नाही.

म्हणून त्या मुलाला मी म्हटलं, आणि इथे सगळ्यांसाठी पुन्हा म्हणतो: लोक हसले तर हसू देत, पण तिहारच्या दिवाळीत जेव्हा तुमची मंडळी घरोघर देउसी-भैलो गात जमतात, तेव्हा तिथे जा. गाणं म्हण, आणि मग दहावी-बारावीच्या पोरांना बाजूला घेऊन अर्धा तास बोल. तुझ्याकडे भाषण नको आहे. तू कुठला अर्ज कधी भरलास, कुठे अडलास, एवढंच सांग.

कारण मार्गदर्शन म्हणजे 'मोठी स्वप्नं बघा' असं सांगणं नव्हे. स्वप्नं त्या मुलीकडे होतीच. तिला हवी होती एक तारीख. आणि दुसरी गोष्ट, कागद. 1 जुलै 1987 पासून पुढे भारतात जन्मलेल्या मुलाचे आईवडील दोघेही परदेशी नागरिक असतील, तर ते मूल जन्मानं भारतीय होत नाही. गोव्यात जन्मलेल्या, मराठीत शिकलेल्या या मुलीच्या घरी सगळ्यांचा समज असा, की आधार कार्ड आहे म्हणजे झालं. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नव्हे. नेपाळचं नागरिकत्व प्रमाणपत्र, ज्याला ते 'नागरिकता' म्हणतात, सोळा वर्षं पूर्ण झाली की मिळतं. त्यासाठी गावच्या वडा कार्यालयाची शिफारस घेऊन जिल्हा प्रशासन कार्यालयात जावं लागतं. सोळाव्या वर्षी सुटीत गावी गेलं असताना ते काढलं, तर अठराव्या वर्षी अर्जातल्या राष्ट्रीयत्वाच्या रकान्यापाशी पेन अडत नाही. हे त्या मुलीला कोणी सांगितलं नव्हतं. दाजुला त्याची गरज कधी पडलीच नाही, स्वयंपाकघरात कोण विचारतो?

आणखी एक गंमत सांगतो. गंमत कसली, लाजच. वीस वर्षं मी केंद्राच्या भरतीच्या जाहिराती वाचतो आहे. त्यांतल्या कित्येक जाहिरातींत पात्रतेच्या कलमात स्पष्ट लिहिलेलं असतं: उमेदवार भारताचा नागरिक असावा, किंवा नेपाळचा प्रजाजन असावा. नेपाळी उमेदवाराला भारत सरकारचं पात्रता प्रमाणपत्र लागतं, आणि आय.ए.एस., आय.पी.एस.सारख्या सेवा फक्त भारतीय नागरिकांसाठी आहेत. पण बाकी कितीतरी पदांना ते कलम असतं. ही ओळ माझ्या डोळ्यांखालून शेकडो वेळा गेली असेल. पण ती ओळ आणि गेटवर बसलेला माणूस यांची सांगड मी कधी घातली नाही. त्या कलमातला नेपाळचा प्रजाजन मला कोणीतरी कागदी प्राणी वाटत होता. तो रोज सकाळी मला सलाम करत होता!

इथे काही वाचक रागावतील. आमच्याच पोरांना नोकऱ्या नाहीत आणि तुम्ही भायल्यांना वाट दाखवताय? हा राग मला समजतो. घरात पदवीधर पोर बसलेलं असलं की असा राग येतो. पण नीट पाहा. राज्य सरकारच्या नोकरीला पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला लागतो, कोकणी यावी लागते. तिथे कोणी कोणाचं हिसकावून घेत नाही. आणि एखाद्या मुलीला परीक्षेची तारीख सांगितल्यानं माझ्या मुलाचं काय जातं? तो त्या परीक्षेला बसला तर आपल्या गुणांवर बसेल. उलट माझ्या मुलालाही ती तारीख सांगणारा कोणीतरी लागतोच. मला तरी कोणी सांगितलं? मी बी.ए. झालो, मराठी घेऊन. पुढे काय, हे मला ठाऊक नव्हतं. मामांनी एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये नाव घालायला लावलं, मामांनीच एलडीसीचा फॉर्म आणून दिला, आणि कुठे सही करायची तिथे पेन्सिलीनं फुली मारून दिली. मी आज खुर्चीवर बसतो ती त्या पेन्सिलीच्या फुलीमुळे. ज्याला असा मामा नाही, त्यानं काय करावं?

1992 साली घटनेच्या आठव्या अनुसूचीत तीन भाषा एकदम आल्या, कोकणी, मणिपुरी आणि नेपाळी. गोव्याची कोकणी आणि या माणसांची नेपाळी एकाच दुरुस्तीनं, एकाच दिवशी त्या दारातून आत गेल्या. लिपी तर मराठीची, कोकणीची आणि नेपाळीची एकच, देवनागरी. मग त्याच्या पोराच्या फॉर्मवर पेन्सिलीनं एक फुली मारून द्यायला आपल्याला जड का जावं?

मी काय करतो ते सांगतो, फार मोठं काही नाही. जानेवारीत एका रविवारी इमारतीच्या मीटर-रूमसमोर दोन खुर्च्या टाकून बसतो. दहावी-बारावीतली पोरं येतात. पहिल्या वर्षी तीन आली, पुढच्या वर्षी सात. नेपाळी आहेत, तसं एक शिरसीकडचं आहे, आणि आमच्याच गावच्या कामगाराची दोन. एका वहीत परीक्षा, तारखा आणि लागणारे कागद लिहून देतो. आयटीआय, पॉलिटेक्निक, हॉटेल मॅनेजमेंट, नर्सिंग. जे मला ठाऊक नसतं, ते त्या त्या संस्थेला पत्र लिहून विचारतो. अर्ज करायला मला येतं, तेच एक येतं.

वॉचमनची मुलगी गेल्या वर्षी गावी जाऊन नागरिकता घेऊन आली. परदेशी नागरिक म्हणून तिला हॉटेल मॅनेजमेंटला कुठला मार्ग खुला आहे आणि फी किती पडेल, हे विचारणारं पत्र आम्ही दोघांनी मिळून लिहिलं. मसुदा तिचा, माझ्या फक्त दोन दुरुस्त्या. उत्तर अजून यायचं आहे. तोवर तिची नोकरी चालू आहे. उत्तर काय येईल ते मी सांगू शकत नाही. फी परवडणार नाही, असंही होईल. पण या वेळी तारीख चुकलेली नाही.

परवा संध्याकाळी घरी आलो तर गेटपाशी एक नवा पोरगा बसलेला. सोळा-सतरा वर्षांचा, पायाशी बॅग, चेहऱ्यावर प्रवासाचा शीण. दाजु त्याला न्यायला यायचा होता. ती मुलगी कामावरून नुकतीच परतली होती, त्याला चहा देत नेपाळीत काहीतरी विचारत होती. मला नेपाळी येत नाही. स्कूटर लावता लावता एकच शब्द कानावर पडला आणि तो मला समजला.

ती त्याला नागरिकतेबद्दल विचारत होती.